दुसऱ्या चित्रपटाचा हक्क

गेल्या महिन्यात दुपारी कोर्टातून बाहेर पडत होतो, तर बार रूमच्या दाराशी एक मुलगा उभा. आमच्याच वस्तीतला. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्याने काढलेल्या लघुपटाला परराज्यातल्या एका महोत्सवात पहिले बक्षीस मिळाले, तेव्हा आम्ही विहारात त्याचा सत्कार केला होता. त्रिशरण-पंचशील, शाल, गुलाबाचे फूल, चार भाषणे. "आपला नागराज" असेही कोणीतरी बोलून गेले. आता एका निर्मात्याने त्याला पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा करारनामा पाठवला होता. बावीस पाने, सगळी इंग्रजीत. "जय भीम सर, सही कुठे करायची तेवढं सांगा," म्हणाला. मी म्हटले, आधी वाचू तर दे.

त्या करारनाम्याकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी एका प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आपल्या समाजातला एखादा तरुण पहिल्याच चित्रपटाने नाव काढतो, वर्तमानपत्रांत फोटो येतात, आणि मग चार-पाच वर्षे त्याचे नावच ऐकू येत नाही. लोक म्हणतात, "एक चालला, संपला. पुढे काही जमलं नाही त्याला." हे म्हणणारे फक्त प्रस्थापित नसतात, आपलेही असतात. राखीव जागेवर लागलेल्या अधिकाऱ्याबद्दल जी कुजबुज कचेरीत चालते, तीच इथे वेगळ्या शब्दांत चालते: संधी मिळाली होती, लायकी नव्हती. हा निकाल पुरावा न तपासता दिलेला आहे. पुरावा तपासायचा तर अमेरिकेतले कृष्णवर्णीय दिग्दर्शक हे त्यासाठी उत्तम प्रकरण आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाशी आपले नाते सांगितले होते. १९७२ साली पँथरने नावच तिकडून घेतले. तेव्हा हे प्रकरण आपल्याला परके नाही.

उटा राज्यातल्या पार्क सिटी या डोंगरातल्या गावी भरत आलेला सनडान्स महोत्सव म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर, स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढणाऱ्यांची जत्रा. १९८९ साली तिथे स्टीव्हन सोडरबर्ग या सव्वीस वर्षांच्या गोऱ्या तरुणाचा 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप' गाजला. त्याच वर्षी त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, १९९० साली, सनडान्सचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक वेंडेल हॅरिस या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या 'कमीलियन स्ट्रीट'ला मिळाले. हॅरिस मिशिगन राज्यातल्या फ्लिंटचा, मोटार कारखान्यांच्या गावचा. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, मुख्य भूमिकाही त्याचीच. चित्रपट एका खऱ्या माणसावर आहे. डेट्रॉइटचा हा गृहस्थ कधी पत्रकार, कधी शल्यचिकित्सक, तर कधी वकील बनून वावरला. (आमच्या धंद्यात असे वावरणे फारसे अवघड नाही, ही गोष्ट वेगळी.) हुशार काळ्या माणसाला स्वतःच्या नावाने कोणी दारात उभे करीत नाही, म्हणून तो दुसऱ्याचे सोंग घेतो. आडनाव बदलून शहरात भाड्याची खोली मिळवणाऱ्या आपल्या किती पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागेल?

आता या दोघांचे पुढे काय झाले ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.

सोडरबर्गने १९९१ साली 'काफ्का' काढला. पडला. १९९३ साली 'किंग ऑफ द हिल'. समीक्षकांनी वाखाणला, पण तिकीटखिडकीवर पडला. १९९५ साली 'द अंडरनीथ', तोही पडला. १९९६ साली 'शिझोपोलिस' नावाचा प्रयोग केला, तो तर कोणी पाहिलाच नाही म्हटले तरी चालेल. हॉलिवूडच्या हिशेबाने नऊ वर्षे हा माणूस तोट्यातच होता. तरीही १९९८ साली युनिव्हर्सल या बड्या स्टुडिओने त्याला जॉर्ज क्लूनी-जेनिफर लोपेझ असे नट घेऊन 'आउट ऑफ साइट' करायला दिला. तिथून गाडी रुळावर आली आणि २००१ साली 'ट्रॅफिक'साठी दिग्दर्शनाचे ऑस्कर त्याच्या हातात पडले. माणूस गुणी आहे, त्याबद्दल वाद नाही.

हॅरिसचे काय झाले? वॉर्नर ब्रदर्सने त्याच्या चित्रपटाच्या रिमेकचे हक्क विकत घेतले. पण मूळ चित्रपट देशभर नीट दाखवण्यात कोणत्याही मोठ्या कंपनीने रस दाखवला नाही, आणि रिमेकही कधी निघाला नाही. कथा कागदावर विकत घेऊन कपाटात ठेवली, असा त्याचा अर्थ. हॅरिसने पुढे पटकथा घेऊन दारे ठोठावली. दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट त्याला आजतागायत करायला मिळालेला नाही. आणि आता गंमत पाहा. सोडरबर्गला सावरणारा जो 'आउट ऑफ साइट', त्यात एफ.बी.आय. अधिकाऱ्याच्या छोट्या भूमिकेत वेंडेल हॅरिस दिसतो. एकाच महोत्सवातून एका वर्षाच्या अंतराने निघालेले दोघे; आठ-नऊ वर्षांनी एक कॅमेऱ्यामागे आणि दुसरा चार वाक्ये बोलण्यासाठी कॅमेऱ्यापुढे. 'कमीलियन स्ट्रीट'ची नवी प्रत २०२१ साली पुन्हा चित्रपटगृहांत आली. समीक्षकांनी डोक्यावर घेतली. तोवर एकतीस वर्षे गेली होती.

कोणी म्हणेल, हॅरिसने दुसरा काढला असता तर तो पडलाही असता. पडला असता, कदाचित. सोडरबर्गचे चार पडले. माझा मुद्दा तोच आहे. पहिले यश गुणवत्तेवर मिळू शकते, पण यशानंतरचे अपयश पचवायला भांडवल लागते, ओळख लागते, "आपलाच मुलगा आहे, एकदा चुकला" असे म्हणणारा कोणीतरी खुर्चीवर बसलेला लागतो. आपल्या देशात याला जात म्हणतात. अमेरिकेत वर्ण.

चार्ल्स बर्नेट यांचे प्रकरण वकील म्हणून मला जास्त बोचते. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्या वस्तीत वाढलेला हा माणूस विद्यापीठात चित्रपट शिकला आणि पदवीसाठीचे काम म्हणून १९७७ साली त्याने 'किलर ऑफ शीप' सादर केला. नायक कत्तलखान्यात मेंढ्या कापणारा मजूर. दमून घरी येतो, झोप लागत नाही, बायकोशी धड बोलणे होत नाही. शनिवार-रविवारी, वस्तीतल्याच लोकांना घेऊन चित्रीकरण केले. खर्च दहा हजार डॉलरच्याही आत. १९८१ साली बर्लिनमध्ये समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९९० साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून त्याची नोंद केली. एवढे सगळे झाले, पण चित्रपटगृहात तो रीतसर लागला २००७ साली! तीस वर्षे. कारण काय, तर त्यात वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. विद्यार्थ्याच्या खिशात गाण्यांच्या हक्कांचे पैसे कुठून असणार? शेवटी ते हक्क सोडवायला दीड लाख डॉलर लागले. चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापट. त्या रकमेत सोडरबर्गनेही भर घातली, हे त्याच्या मोठेपणाचे आहे आणि नोंदवले पाहिजे. पण ज्याला नऊ वर्षे अपयश परवडले त्याने देणगी द्यायची आणि ज्याचा चित्रपट राष्ट्रीय ठेवा ठरला त्याने ती घ्यायची, हे चित्र मला अस्वस्थ करते.

याच बर्नेट यांनी १९९९ साली 'द ॲनिहिलेशन ऑफ फिश' केला. जेम्स अर्ल जोन्स आणि लिन रेडग्रेव्ह असे मातब्बर कलावंत त्यात होते. टोरांटोला दाखवला गेला, एका व्यापारी साप्ताहिकात वाईट परीक्षण आले आणि वितरकांनी अंग काढून घेतले. तो प्रदर्शित झाला २०२५ साली. रेडग्रेव्ह २०१० साली वारल्या, जोन्स २०२४ साली. मधल्या काळात, २०१७ साली, बर्नेट यांना मानद ऑस्कर दिले गेले. हयातभर काम न देता म्हातारपणी सन्मान द्यायचा, ही रीत आपल्याकडेही नवी नाही. आपल्या शाहिरांना, लोककलावंतांना विचारा.

बाकीच्यांची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती फार वेगळी नाही. ज्युली डॅश यांच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट'ला १९९१ साली सनडान्सला छायाचित्रणाचे पारितोषिक मिळाले. गुलामांच्या वंशजांपैकी बेटांवर राहणाऱ्या, आफ्रिकेतले शब्द आणि चालीरीती जपून ठेवणाऱ्या गला समाजातल्या बायकांची १९०२ सालची गोष्ट. आफ्रिकी-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि देशभर चित्रपटगृहांत गेलेला हा पहिला चित्रपट. पुढे त्यांनी दूरचित्रवाणीसाठी रोझा पार्क्स यांच्यावर चित्रपट केला, विद्यार्थ्यांना शिकवले. पण चित्रपटगृहासाठी दुसरा कथाचित्रपट कोणी दिला नाही. लेस्ली हॅरिस यांनी ब्रुकलिनच्या एका शाळकरी मुलीवर 'जस्ट अनदर गर्ल ऑन द आय.आर.टी.' केला, १९९३ साली सनडान्सला विशेष पारितोषिक मिळवले. दुसरा चित्रपट नाही. मॅटी रिच याने एकोणिसाव्या वर्षी 'स्ट्रेट आउट ऑफ ब्रुकलिन' पूर्ण केला. १९९४ सालचा त्याचा दुसरा चित्रपट फसला (आणि खरे सांगायचे तर तो चांगला नव्हताच), मग तो व्हिडिओ गेमच्या धंद्यात गेला. एक फसला आणि दार बंद. डार्नेल मार्टिन यांनी १९९४ साली कोलंबिया या बड्या स्टुडिओसाठी चित्रपट केला. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन स्त्री. वंशभेदाविरुद्ध तोंड उघडल्याची किंमत आपण मोजली, असे त्यांनी पुढे सांगितले. २०१९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने यांतल्या काहींना एकत्र बसवून बोलते केले, तेव्हा सगळ्यांच्या बोलण्याचा रोख एकच होता: आम्ही हरावे अशीच मांडणी केलेली होती.

हे सगळे ज्या वर्षांत घडले तीच वर्षे काळ्या सिनेमाची लाट म्हणून गाजवली गेली होती. १९९२ साली जॉन सिंगलटनला चोविसाव्या वर्षी दिग्दर्शनाचे ऑस्कर नामांकन मिळाले होते, इतक्या कमी वयात आणि कृष्णवर्णीयाला पहिल्यांदाच. लाट आणणारे स्टुडिओ, लाट ओसरली असे जाहीर करणारेही स्टुडिओच. मधल्या मध्ये माणसे बुडाली.

जे तरले, ते कसे तरले? स्पाइक ली यांचे उदाहरण आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावे असे आहे. 'माल्कम एक्स'चे काम चालू असताना खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला. पूर्ततेची हमी घेणाऱ्या कंपनीने चित्रपट ताब्यात घेतला, संकलकांना काढून टाकले. ली स्टुडिओच्या पाया पडायला गेले नाहीत. आपल्याच समाजातल्या पैसेवाल्यांकडे गेले. बिल कॉस्बी, ओप्रा विन्फ्रे, मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, जॅनेट जॅक्सन, प्रिन्स अशांनी पैसे दिले. कर्ज म्हणून नाही, भागीदारी म्हणूनही नाही, दान म्हणून. १९९२ साली चित्रपट लीच्या मनाप्रमाणे पुरा होऊन लागला. त्याही आधी, १९१९ पासून, ऑस्कर मिशो हा माणूस स्वतःच्या चित्रपटांच्या प्रती घेऊन गावोगावच्या काळ्या थिएटरमालकांना भेटत असे आणि पुढच्या चित्रपटासाठी आगाऊ पैसे उचलत असे. चाळीसच्या वर चित्रपट काढले त्याने. हॉलिवूडने त्याला विचारले नाही, त्याचेही हॉलिवूडवाचून अडले नाही.

एव्हा ड्युवर्ने ही बाई याच परंपरेतली. २०१० साली, स्वतःचे नाव होण्याआधीच, त्यांनी कृष्णवर्णीयांचे चित्रपट वितरित करणारी संस्था उभी केली. आधी दुकान, मग माल. २०१२ साली सनडान्सला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली आणि तिच्यामागे संस्था असल्यामुळे ती एका पुरस्कारावर संपली नाही. २०२३ सालचा तिचा 'ओरिजिन' आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. इझाबेल विल्कर्सन यांच्या जातीवरील पुस्तकावर बेतलेला, दिल्लीत चित्रित झालेला, बाबासाहेब पडद्यावर दाखवणारा. बाबासाहेबांची भूमिका गौरव पठानिया या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने केली आहे. यालाही स्टुडिओचा पैसा नव्हता. फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांच्या निधीतून तो झाला.

आता घरी येऊ. आपल्या नीरज घायवानच्या 'मसान'ला २०१५ साली कानमध्ये दोन पुरस्कार मिळाले. मी दलित आहे असे हिंदी सिनेमात उघड सांगणारे दिग्दर्शक किती, हे वाचकांनीच मोजावे. एका हाताची बोटे पुरतील. त्याचा दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट 'होमबाउंड' आला २०२५ साली. दहा वर्षांनी. मधल्या काळात तो गप्प बसलेला नव्हता. लघुपट केला, 'गीली पुच्ची' केला, 'मेड इन हेवन'च्या २०२३ सालच्या भागात बौद्ध पद्धतीचे लग्न त्याने देशाला दाखवले. ते पाहताना आमच्या घरात सगळे उठून टीव्हीजवळ गेले होते. पण मोठा पडदा दहा वर्षे लांब राहिला. 'होमबाउंड' पुन्हा कानला निवडला गेला, भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. या माणसाची गुणवत्ता दहा वर्षे कुठे रजेवर गेली होती काय?

नागराज मंजुळे यांचे नाव लगेच पुढे केले जाईल. 'फँड्री' २०१३, 'सैराट' २०१६, शंभर कोटींच्या वर धंदा. खरे आहे, अभिमान आहे. पण एका नागराजकडे बोट दाखवून बाकीच्या शंभर पोरांचा प्रश्न मिटवायचा, ही पद्धत आपण ओळखली पाहिजे. आणि नागराजचा पहिला चित्रपट पडला असता तर दुसरा कोणी दिला असता का, हा प्रश्न यशाच्या झगमगाटात कोणी विचारला नाही.

तमिळनाडूत पा. रंजित यांनी हा प्रश्न ओळखला. रजनीकांतसोबत 'कबाली' केल्यावर बंगला-गाडीत रमण्याऐवजी त्यांनी नीलम ही निर्मितीसंस्था चालवली. तिच्याच पहिल्या चित्रपटातून, २०१८ सालच्या 'परियेरुम पेरुमाळ'मधून, मारी सेल्वराज उभा राहिला. मग मारीचा दुसरा आला, तिसरा आला. आपल्या महाराष्ट्रात चळवळीचे वय मोठे, जयंतीचा खर्च मोठा, आणि अशी संस्था मात्र दिसत नाही. दरवर्षी १४ एप्रिलला एकेका शहरात डीजेवर किती रुपये जातात याचा हिशेब मंडळांच्या वह्यांत आहे. मी स्वतः दोन मंडळांचा सल्लागार आहे, म्हणून बोलतो. आपल्या दिग्दर्शकाचा चित्रपट लागला की पहिल्या शुक्रवारी तिकीट काढणारे किती, आणि मोबाइलवर चोरून आलेली प्रत ग्रुपवर "जय भीम" लिहून पुढे पाठवणारे किती? दुसरा चित्रपट मिळतो तो पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' दिग्दर्शक नसून निर्माता असतो. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानण्याची तरतूद होती. २०१२ साली कायदा झाला तेव्हा ती गळाली. पटकथा आणि गीत लिहिणाऱ्याला मात्र त्या दुरुस्तीने संरक्षण दिले: चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचे मानधन मिळण्याचा त्याचा हक्क निर्मात्याला लिहून घेता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, जो दिग्दर्शक स्वतः लिहितो त्याने लेखक म्हणून वेगळा करार करावा, आणि लिहिलेला प्रत्येक कागद आधी तारखेसह नोंदवून ठेवावा. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत. लिहिले नाहीत तर कायदा पाच वर्षे आणि भारत एवढेच धरतो. "जगभर, कायमस्वरूपी, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या सर्व माध्यमांत" हे वाक्य दिसले की पेन खाली ठेवावे.

त्या मुलाच्या करारनाम्यात ते वाक्य नवव्या पानावर होते. चौदाव्या कलमात त्याहून मोठी गोम होती. पहिला चित्रपट प्रदर्शित होवो न होवो, पुढचे दोन चित्रपट त्याने याच निर्मात्याकडे, याच मानधनावर करायचे; निर्मात्याने मात्र ते काढलेच पाहिजेत असे नाही. म्हणजे दुसरा चित्रपट देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, आणि दुसरीकडे करायची मोकळीकही नाही. हॅरिसची कथा कपाटात ठेवली होती. इथे माणूसच कपाटात ठेवायची सोय होती.

मी ते कलम खोडले, नवव्या पानावर मुदत पाच वर्षे लिहिली, पटकथेचा करार वेगळा टाइप करून दिला आणि सगळे परत पाठवायला सांगितले. तीन आठवडे झाले, निर्मात्याच्या कचेरीतून उत्तर नाही. मुलगा रोज संध्याकाळी फोन करतो. काल त्याच्या वडिलांचा आला होता. "वकीलसाहेब," म्हणाले, "पोरगं घरात कुणाशी बोलत नाही. पयलाच कागद सही करून टाकू का?"